तोंडाच्या कर्करोगात एक्झोसोमची तपासणी आणि एक्झोसोमचे उपचार: कितपत विश्वास ठेवावा?

वेदगंगा_काठ (निपाणी)

सर्व जाणकारांना नमस्कार.

माझ्या वडिलांचे वय ६४ आहे. त्यांचे सारे आयुष्य निपाणीतील तंबाखूच्या वखारीत गेले आणि कामाबरोबरच तंबाखू-चुन्याची सवयही जडली. दीड वर्षापूर्वी त्यांच्या उजव्या गालाच्या आतल्या बाजूस कर्करोग असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया झाली, त्याच वेळी मानेतील लसीकाग्रंथी काढल्या आणि नंतर सहा आठवडे किरणोपचार झाले. आता अप्पा डाव्या बाजूने का होईना, मऊ भात आणि आमटी नीट खातात. तोंड सतत कोरडे पडत असल्यामुळे रात्री उशाशी पाण्याचा तांब्या ठेवावा लागतो, पण त्यापलीकडे त्यांची तक्रार नाही.

गेल्या महिन्यात ओळखीच्या एका गृहस्थांबरोबर एका खासगी केंद्राचा प्रतिनिधी घरी येऊन गेला. त्याने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली म्हणजे रक्त आणि लाळेतील ‘एक्झोसोम’ तपासून कर्करोग परत येणार असल्याचे स्कॅनच्या एक वर्ष आधी कळते, त्यामुळे यापुढे बायोप्सीची किंवा वारंवार रुग्णालयात जाण्याची गरज राहत नाही. दुसरी म्हणजे एक्झोसोमचे सहा सलाईन घेतले तर शरीरात उरलेल्या कर्करोगाच्या पेशी मरतात. दोन्हींचा मिळून खर्च कारखान्याकडून येणाऱ्या आमच्या वर्षभराच्या ऊसबिलापेक्षा जास्त आहे. दादा म्हणतात, अप्पांसाठी माळावरचे वीस गुंठे रान गेले तरी चालेल. मला ते रान जाण्याचे दुःख नाही, परंतु ज्यासाठी ते जाणार आहे, ती वस्तू काय आहे हे मला मुळीच समजलेले नाही.

माहितीपत्रक इंग्रजीत आहे आणि रुग्णालयाचे कागद इंग्रजी व कन्नडमध्ये आहेत. आम्ही सगळे मराठी शाळेत शिकलेलो आहोत. म्हणून येथे विचारतो की एक्झोसोम म्हणजे नेमके काय, त्यावरून कर्करोग खरोखर ओळखता येतो का, आणि ते सलाईन अप्पांना द्यावे का? कृपया सविस्तर सांगावे.

---

सूक्ष्मदर्शी (शहापूर, बेळगाव, सध्या बेंगळूर)

रक्त आणि लाळेतून हेच कण वेगळे काढण्याचे काम मी गेली आठ वर्षे प्रयोगशाळेत करीत आहे, त्यामुळे आधी तपासणीविषयी लिहितो.

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी अतिसूक्ष्म पुटिका, म्हणजे पातळ पटलाच्या पिशव्या, बाहेर सोडत असते. त्यांतील एका प्रकाराला एक्झोसोम म्हणतात. त्यांचा व्यास साधारण ३० ते १५० नॅनोमीटर असतो. रक्तातली तांबडी पेशी सात-आठ हजार नॅनोमीटर रुंद असते, म्हणजे एका तांबड्या पेशीच्या रुंदीवर शंभर नॅनोमीटरचे सत्तर-ऐंशी एक्झोसोम ओळीने मांडता येतील. पेशीच्या आत एक मोठी पिशवी असते, तिच्या भिंतीतून आतल्या बाजूस लहान लहान पुटिका सुटतात, आणि पुढे ती मोठी पिशवी पेशीच्या बाहेरील पटलाला चिकटून फुटली की आतल्या पुटिका रक्तात, लाळेत, लघवीत मिसळतात. हे १९८३ मध्ये मॉन्ट्रियल येथे रोझ जॉनस्टोन यांनी मेंढीच्या आणि सेंट लुईस येथे फिलिप स्टाल यांच्या गटाने उंदराच्या अपरिपक्व तांबड्या पेशींत पाहिले. पेशीला नको झालेली प्रथिने ती अशी बाहेर टाकते, असा त्याचा अर्थ तेव्हा लावला गेला, आणि पुढे अनेक वर्षे हा पेशीचा केर मानला गेला.

हा समज हळूहळू बदलला. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील गटाने २००७ मध्ये दाखवले की या पुटिकांमध्ये आरएनए (जनुकांचा संदेश वाहून नेणारा रेणू) असते आणि ते दुसऱ्या पेशीत गेल्यावर तेथे कामही करते. पुढच्याच वर्षी मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या गाठीत असलेला जनुकीय बदल रुग्णाच्या रक्तातील अशाच पुटिकांमध्ये सापडला. म्हणजे गाठ कवटीच्या आत असली तरी तिची खूण हातावरच्या शिरेतून काढलेल्या रक्तात मिळू शकते. आपल्या प्रतिनिधीने जे सांगितले, त्याच्या मुळाशी ही खरी गोष्ट आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही.

कर्करोग पसरण्यातही या कणांचा हात आहे. कर्करोगाच्या पेशी बीजासारख्या असतात आणि योग्य जमीन मिळाली तरच रुजतात, असे स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८८९ मध्ये लिहिले होते. भाताचा तरवा लावण्याआधी आपण चिखलणी करून रान तयार करतो, तसे काम गाठीतून निघालेले एक्झोसोम दूरच्या अवयवात आधीच करून ठेवतात, असे न्यूयॉर्कच्या डेव्हिड लायडन यांच्या गटाने उंदरांवरील प्रयोगांत दाखवले. २०१५ मध्ये त्यांना असेही आढळले की एक्झोसोमच्या पृष्ठभागावर कोणते इंटिग्रिन प्रथिन आहे, यावर ते फुफ्फुसात जाणार की यकृतात, हे बऱ्याच अंशी ठरते.

आता अडचण सांगतो. एक्झोसोम सगळ्याच पेशी सोडतात. अप्पांच्या रक्ताच्या एका थेंबात असे असंख्य कण असतील आणि त्यांतील बहुतेक निरोगी रक्तपेशींचे व रक्तवाहिन्यांच्या अस्तराचे असतील. गाठीचे कण त्यात असलेच, तर मूठभर. त्यातच रक्तातील चरबी वाहून नेणारे कण जवळपास त्याच आकाराचे असल्याने चाळणी लावूनही बरोबर येतात, आणि रक्ताचा नमुना नळीत थोडा वेळ जरी ठेवला तरी बिंबिका (प्लेटलेट) आपल्या पुटिका त्यात सोडू लागतात. आमच्याकडे नमुना गुरुत्वाच्या एक लाख पट बलाने तासाहून अधिक काळ फिरवला जातो. फिरवण्याआधी मी नळीच्या बाहेरच्या बाजूला पेनाने एक ठिपका काढून ठेवतो, कारण नंतर तळाशी जो साका बसतो, तो बहुधा डोळ्यांना दिसतच नाही आणि त्या ठिपक्याच्या अंदाजाने ‘तो येथे असला पाहिजे’ असे धरून पुढचे काम करावे लागते. दोन प्रयोगशाळांनी दोन पद्धती वापरल्या तर एकाच रक्तातून वेगवेगळे उत्तर येऊ शकते. याच कारणाने या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संस्थेला २०१४, २०१८ आणि २०२३ अशी तीनदा मार्गदर्शक तत्त्वे काढावी लागली.

एक उदाहरण देतो. २०१५ मध्ये ग्लिपिकन-१ हे प्रथिन असलेले एक्झोसोम मोजून स्वादुपिंडाचा कर्करोग जवळजवळ बिनचूक ओळखता येतो, असा शोधनिबंध अत्यंत नामवंत नियतकालिकात आला. आम्ही सगळे हरखून गेलो होतो. पुढे इतर अनेक प्रयोगशाळांना तितका स्पष्ट फरक आढळला नाही. मूळ काम खोटे होते असे मी म्हणत नाही. परंतु पहिल्या उत्तम निकालापासून रुग्णाच्या हातातील भरवशाच्या अहवालापर्यंतचे अंतर किती असते, ते मला तेव्हा उमगले.

प्रत्यक्ष वापरात पोहोचलेली एक चाचणी अमेरिकेत आहे. तिच्यात लघवीतील एक्झोसोममधून तीन जनुकांचे आरएनए मोजतात. ती पन्नाशीपुढील पुरुषांसाठी, पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीचे रक्तात मोजले जाणारे प्रथिन) दोन ते दहा या संदिग्ध टप्प्यात असताना, प्रोस्टेटची पहिली बायोप्सी करावी की थांबावे हे ठरवण्यापुरती आहे. कर्करोग आहे की नाही याचा निर्णय ती देत नाही आणि तोंडाच्या कर्करोगाशी तिचा संबंध नाही.

अप्पांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. किरणोपचारानंतर लाळग्रंथी कोरड्या पडतात, लाळ थोडी आणि चिकट येते, हिरड्यांतून रक्त आले तर तेही तिच्यात मिसळते. लाळेतील एक्झोसोमवर तोंडाच्या कर्करोगासाठी संशोधन जगभर चालू आहे, आपल्या देशातही आहे, पण उशाशी तांब्या ठेवाव्या लागणाऱ्या माणसाच्या लाळेवरून खात्रीचा निकाल देण्याचे धाडस मी स्वतः करणार नाही.

---

टिळकवाडी_शल्य (बेळगाव)

मी मुख आणि मानेच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करतो. वरील प्रतिसादातील शास्त्रीय भाग योग्य आहे, मी रुग्णाच्या बाजूने लिहितो.

कोणत्याही तपासणीविषयी मी प्रथम हे विचारतो की तिचा निकाल आल्यावर आपण काय वेगळे करणार आहोत? समजा, ही एक्झोसोमची तपासणी ‘दोष आहे’ असे सांगते, तोंडात काही दिसत नाही, हाताला काही लागत नाही, स्कॅन स्वच्छ आहे. अशा वेळी मी कशावर शस्त्रक्रिया करू? एकदा किरणोपचार झालेल्या भागावर केवळ संशयाने पुन्हा किरण देता येत नाहीत. घरातील सर्वांची झोप मात्र उडते. उलट ती ‘दोष नाही’ असे सांगते आणि प्रतिनिधीच्या सल्ल्याप्रमाणे आपण रुग्णालयात येणे थांबवता. मला ही दुसरी शक्यता अधिक भयंकर वाटते. तोंडाचा कर्करोग परत आला तर बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांतच येतो, आणि आपले वडील नेमके त्याच काळात आहेत. गालावरची पुन्हा उठलेली लहान जखम लवकर सापडली तर अनेकदा काढता येते, उशिरा सापडली तर जबड्यापर्यंत पोहोचलेली असते.

अशा तपासण्यांना ‘लिक्विड बायोप्सी’, म्हणजे रक्तासारख्या द्रवातून कर्करोगाच्या खुणा शोधणे, असे म्हणतात. या शब्दाने गोंधळू नये. फुफ्फुसाच्या कर्करोगात रक्तात मोकळ्या फिरणाऱ्या डीएनएवरून ईजीएफआर जनुकातील बदल शोधण्याच्या चाचणीला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली आणि आपल्याकडेही ती वापरली जाते. ती डीएनएची चाचणी आहे, एक्झोसोमची नव्हे, आणि तीही विशिष्ट रुग्णांत विशिष्ट औषध निवडण्यासाठी आहे. एका चाचणीला मिळालेला मान दुसरीच्या माथी चिकटवून विकणे योग्य नाही. डोके व मानेच्या कर्करोगात पिट्सबर्ग येथील थेरेसा व्हाइटसाइड यांच्या गटाने २०१८ मध्ये रक्तातील एक्झोसोमवरचे पीडी-एल१ हे प्रथिन रोगाच्या तीव्रतेशी जुळत असल्याचे दाखवले. मला ते काम महत्त्वाचे वाटते. तरीही माझ्या बाह्यरुग्ण विभागात त्यावरून उपचार ठरवता येतील, अशा टप्प्यावर ते आलेले नाही.

आपण काय करावे, ते थोडक्यात सांगतो. दुसऱ्या वर्षात दर दोन ते सहा महिन्यांनी ज्या रुग्णालयात उपचार झाले तेथेच दाखवावे. डॉक्टर जबड्याखालचा आणि मानेचा भाग बोटांनी चाचपून पाहतात, त्या दोन मिनिटांना कमी लेखू नये. घरी आठवड्यातून एकदा बॅटरीच्या प्रकाशात दोन्ही गाल, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा पाहावी, कारण तंबाखूने माखलेल्या तोंडात दुसऱ्या जागी नवा कर्करोगही उद्भवू शकतो. तोंडात किती बोटे उभी मावतात ते लिहून ठेवावे. कालपर्यंत तीन मावत होती आणि आता दोनच मावतात असे झाले, तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, किंवा त्याच बाजूचा कान दुखू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता यावे. दात काढायची वेळ आली तर किरणोपचार झाल्याचे दंतवैद्यांना आधी सांगावे. आणि तंबाखू पूर्ण सुटली आहे का, हे आपण लिहिलेले नाही.

---

मलप्रभा_खानापूर

आपल्या घरात आज जे चालले आहे, ते आमच्या घरात तीन वर्षांपूर्वी झाले, म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही.

माझ्या आत्याला स्तनाचा कर्करोग होता आणि केमोथेरपीचे चार डोस झाले होते. केस गेले, उलट्या होत होत्या, ती कंटाळली होती. तेव्हा एका मोठ्या शहरातील खासगी केंद्राने एक्झोसोमच्या सलाईनने केमोची गरज उरणार नाही असे सांगितले. बर्फाच्या डब्यातून एक छोटी कुपी आणली गेली. मी ती हातात घेऊन पाहिली. तिच्यावर केंद्राच्या नावाचा कागद चिकटवलेला होता, परंतु उत्पादकाचा परवाना क्रमांक नव्हता, उत्पादनाच्या तुकडीचा (बॅचचा) क्रमांक नव्हता, मुदत संपण्याची तारीख नव्हती. मी औषधाच्या दुकानात काम केलेले आहे, तरी त्या क्षणी मी गप्प राहिलो, याचे मला आजही वाईट वाटते. त्या संध्याकाळी आत्याला थंडी वाजून ताप आला आणि ‘हे औषध काम करीत असल्याचे लक्षण आहे’ असे फोनवर सांगण्यात आले. या सगळ्यात केमोचे दोन महिने हुकले. पुढे गाठ वाढलेली आढळली आणि उपचार पुन्हा पहिल्यापासून ठरवावे लागले. आत्या आज आहे, पण ते दोन महिने आम्ही तिचे वाया घालवले.

माझ्या मते एक्झोसोम हा सगळाच फसवणुकीचा प्रकार आहे. रान विकू नका.

---

सूक्ष्मदर्शी (शहापूर, बेळगाव, सध्या बेंगळूर)

मलप्रभा, आपल्या आत्याबाबत जे घडले ते वाचून फार वाईट वाटले. तरीही ‘सगळीच फसवणूक’ या शब्दाशी मी सहमत होऊ शकत नाही, कारण त्यामुळे प्रामाणिक कामही त्याच पोत्यात भरले जाते. उपचारांविषयी लिहायचे राहिले होते, ते येथे लिहितो.

१९९८ मध्ये फ्रान्समध्ये लॉरेन्स झिटव्होगेल यांच्या गटाने प्रतिकारशक्तीच्या डेंड्रिटिक पेशींपासून मिळवलेले एक्झोसोम उंदरांना दिले आणि त्यांच्या गाठी आटल्या किंवा वाढायच्या थांबल्या. २००५ मध्ये माणसांवरील पहिल्या छोट्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांत ही पद्धत बऱ्यापैकी सुरक्षित असल्याचे दिसले. पुढे फ्रान्समध्येच फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या २२ रुग्णांवर दुसऱ्या टप्प्याची चाचणी झाली. निम्म्या रुग्णांत तरी चार महिने रोग वाढू नये, हे लक्ष्य होते. तसे सात जणांतच झाले. २०१६ मध्ये संशोधकांनी लक्ष्य गाठले गेले नसल्याचे स्पष्ट लिहून तो निकाल प्रसिद्ध केला. मला या क्षेत्राविषयी आदर वाटतो तो अशा कागदांमुळे.

दुसरा मार्ग एक्झोसोमला औषधाचे वाहन करण्याचा आहे. ह्यूस्टन येथील राघू कल्लुरी यांच्या गटाने २०१७ मध्ये केआरएएस जनुकातील एका विशिष्ट बदलाला गप्प करणारे आरएनए एक्झोसोममध्ये भरून स्वादुपिंडाचा कर्करोग असलेल्या उंदरांना दिले, तेव्हा ते उंदीर अधिक काळ जगले. एक्झोसोमवर सीडी४७ नावाचे प्रथिन असते, त्यामुळे भक्षक पेशी त्यांना चटकन गिळत नाहीत आणि ते रक्तात अधिक वेळ टिकतात, असे त्यांना आढळले. यानंतर माणसांवरील पहिल्या टप्प्याची चाचणी सुरू झाली. तथापि त्या एक्झोसोममध्ये नेमके शस्त्र भरलेले होते, हे लक्षात घ्यावे. क्लिनिकमध्ये दिले जाणारे सलाईन बहुधा नाळेपासून किंवा मूळपेशींपासून (स्टेम सेल) काढलेले, काहीही न भरलेले असते. मूळपेशींचे असे एक्झोसोम काही प्रयोगांत गाठीला आवरतात, तर काही प्रयोगांत गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास मदत करतात. ज्याच्या शरीरात कर्करोगाच्या पेशी उरल्या असण्याची शंका आहे, त्याला असे द्रावण शिरेतून देणे मला धोक्याचे वाटते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्येच जाहीर इशारा दिला होता की त्यांनी मान्यता दिलेले एकही एक्झोसोम उत्पादन नाही.

---

वेदगंगा_काठ (निपाणी)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर सगळे प्रतिसाद मी दादांना आणि अप्पांना मोठ्याने वाचून दाखवले. डॉक्टरसाहेब, तंबाखू शस्त्रक्रियेच्या दिवसापासून बंद आहे. मात्र चुन्याची डबी खिशात असते, असे अप्पांनी काल प्रथमच कबूल केले आणि ती आईच्या हातात दिली. बोटे मोजली, अडीच मावतात. तसे वहीत लिहून ठेवले आहे.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. प्रतिनिधीला नकार कळवला, तेव्हा तो म्हणाला की हे सलाईन ‘क्लिनिकल ट्रायल’ म्हणून निम्म्या किमतीत मिळेल. त्यामुळे दादा पुन्हा थोडे डळमळले आहेत. आणि अप्पा स्वतः विचारतात की माझे रक्त या संशोधनाच्या उपयोगी पडणार असेल तर मी ते द्यावे का?

---

टिळकवाडी_शल्य (बेळगाव)

अडीच बोटे मावत असतील तर तोंड उघडण्याचे व्यायाम आजच सुरू करावेत. पुढच्या भेटीत हा आकडा डॉक्टरांना जरूर सांगावा.

भारतात १५ जून २००९ पासून माणसांवरील औषधचाचण्यांची सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद करणे बंधनकारक आहे आणि ती नोंदवही कोणालाही संगणकावर पाहता येते. प्रतिनिधीकडून नोंदणी क्रमांक आणि नीतिसमितीच्या मंजुरीचे पत्र मागावे. खऱ्या चाचणीत प्रायोगिक औषध रुग्णाला विकत घ्यावे लागत नाही, म्हणून ‘निम्मी किंमत’ हे शब्द ऐकताच मी तरी उठून गेलो असतो. दादांना माझा हा निरोप सांगावा.

अप्पांच्या प्रश्नाने मला भरून आले. त्यांनी रक्त जरूर द्यावे, मात्र ते शासनमान्य रुग्णालयाच्या किंवा विद्यापीठाच्या संशोधनासाठी, विनामूल्य, आणि नेहमीच्या तपासण्या न चुकवता. उपचार झालेल्या आणि पुढे वर्षानुवर्षे तपासले जाणाऱ्या रुग्णांचे नमुने या संशोधनाला फार हवे असतात, कारण कोणाचा रोग परतला आणि कोणाचा नाही हे काळच सांगतो. सही करण्याआधी संमतिपत्र मराठीत मागावे. रुग्णाला समजणाऱ्या भाषेत ते देणे हे संशोधकांचे कर्तव्य आहे, मग ते बेळगावचे असोत की बेंगळूरचे. ते मिळेपर्यंत अप्पांनी सही करू नये.